नाक्यावर अडवलेले सोयरे

आमच्या मंडळीनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचं. दुसऱ्या दिवशी बाजार होता. ओसरीत ओलं पोतं अंथरून समोरासमोर बसलो होतो. मी बांधलेली एक जुडी तिनं उचलली, हलवून पाह्यली, सोडली आणि पुन्हा आवळून बांधली.

"जलम गेला, पण तुमाले जुडी बांधता नाई आली."

"लोकं खायाले नेतात, फाशी द्याले नाई," मी म्हणालो.

ती हसली नाही. (माझ्या विनोदाला ती कधीच हसत नसे. ती हसायची माझ्या फजितीला.) दुसऱ्या दिवशी मी बाजारात सांभार विकत बसलो होतो आणि ती घरी गेली. म्हणजे वारली. शेजारच्या बाईच्या मांडीवर डोकं होतं म्हणतात.

माझी शाळा तिसरीपर्यंत. दुःख कसं लिहितात ते मला माहीत नाही. फजिती लिहिता येते, कारण ती माझ्याजवळ भरपूर आहे. तिला आवडायची म्हणून त्यातली सगळ्यात मोठी लिहितो. तिलाही ही गोष्ट पुढं फार आवडायला लागली, पण त्या दिवशी ती हसली नव्हती. त्या दिवशी कोणीच हसलं नव्हतं. म्हणजे सगळं गाव हसलं होतं, पण आमच्या घरातलं कोणी नाही!

आमचं गाव म्हणजे बुलढाणा जिल्ह्याचा शेवटचा बांध. गावाखाली नदी. नदीच्या अलीकडं वऱ्हाड, इंग्रजाचं. पलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. इकडं कलदार रुपया चाले, तिकडं हाली शिक्का. पलीकडच्या काठावर निजामाचा करोडगिरीचा नाका होता. रस्त्यावर आडवा एक दांडा, बाजूला एक छपरी आणि छपरीत नाकेदार. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची आणि ती घेताना माणसाची जितकी म्हणून बेअब्रू करता येईल तितकी करायची, हे त्याचं काम.

बाकीची गावं दसऱ्याला शिलंगणाला निघतात, शिवेवरच्या एखाद्या दगडापर्यंत जातात आणि म्हणतात, सीमा ओलांडली. आमचं गाव खरीखुरी ओलांडायचं! पालखी नदी उतरून परमुलखात जायची, तिथं आपट्याची पानं लुटायची आणि परत यायची. तेवढ्या वेळापुरता नाक्यावरचा दांडा वर जाई. वाडवडलांपासूनची ही रीत.

फक्त रझाकाराच्या दंग्याच्या काळात दांडा वर गेला नाही. माझी सासुरवाडी पलीकडली, नाक्यापासून दोन-तीन कोसांवर. त्याच दिवसांत माझी सासू तिकडं अंथरुणाला खिळली. ही नाक्यावर गेली, हातापाया पडली. नाकेदार म्हणाला, परत जा. ही दिवसभर दांड्याला धरून उभी राह्यली आणि सांजेला परत आली. माय गेल्याचं तिला कळलं ते सगळं उरकल्यावर.

तेव्हापासून तिनं मनात एक गाठ मारली. आमची एकुलती एक पोरगी शेवंती. तिला द्यायची ती नदीपलीकडंच.

"त्या अंगाले एक तरी दार आपलं पाह्यजे," ती म्हणायची. "माय नाई राह्यली. लेक तरी राहो."

माझ्या साळ्यानं स्थळ आणलं. पलीकडचे दौलतराव. पोरगा चांगला, शेत चांगलं, विहिरीला पाणी. पण बाप भारी मानी! निजामाच्या राज्यात जन्म गेला, पण नाक्यावर कधी झडती दिली नाही, अशी त्यांची ख्याती. (कशी दिली नाही, हे कोणी विचारत नसे. नदी काही एकाच ठिकाणी उतरता येते असं नाही.) मी त्यांना कधी पाह्यलं नव्हतं. हिनं मात्र माहेरी असताना पाह्यलं होतं. त्यांचा निरोप आला, 'दसऱ्याला सांजेला येतो, पोरगी पाहतो आणि हो की नाही ते उठायच्या आधी सांगतो.'

त्या निरोपानं ही अर्धी देवाकडं आणि अर्धी चुलीकडं राहू लागली. मला रोज एकच ताकीद.

"त्याच्या समोर तुम्ही कमी बोला."

"बरं."

"बोलूच नका."

"बरं."

"अन् विनोद तर करूच नका!"

आता गावाची गोष्ट. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. इकडचे आणि तिकडचे एकाच राज्यात आले. नाक्याची छपरी पडली, दांडा कोणीतरी चुलीत घातला. आमच्या मास्तरांच्या मनानं घेतलं की हा इतिहास पोरांना कळला पाहिजे. दसऱ्याला जुना नाका पुन्हा उभारायचा, जुन्याच जागी! मोगलाईतून एक दमणी, म्हणजे पडद्याची बैलगाडी, येणार, नाकेदार ती अडवणार, झडती घेणार, छळणार. मग गावची पालखी येणार, गावकरी दांडा उचलणार आणि सगळे सीमा ओलांडणार. पाहायला बुलढाण्याहून एक साहेब येणार.

सगळी सोंगं वाटली गेली, नाकेदार कोणी होईना. ज्यांनी त्याचा मार खाल्ला होता ते म्हणाले, आमच्यानं होत नाही. ज्यांनी खाल्ला नव्हता ते म्हणाले, लोक आता देतील. मास्तर माझ्याकडं बराच वेळ पाहत राह्यले.

"गणपतराव, तुमच्या चेहऱ्यावर उपजतच उर्मटपणा आहे."

आयुष्यात माझ्या चेहऱ्याचं कोणी पहिल्यांदाच कौतुक केलं. मी हो म्हणालो.

घरी सांगितलं तेव्हा ही भाकरी थापत होती. थापणं थांबलं.

"दुसरं सोंग नाई भेटलं तुमाले?"

"अवो, नाटक हाय ते. अन् दुपारचं हाय. सोयरे येतील सांजेले. मी मिशी काढून, हातपाय धुऊन, कोपऱ्यात मुक्यावाणी बसून राहीन."

"त्या दांड्यापाशी उभं राहून कोणाले 'परत जा' म्हणू नका. इतकंच सांगते."

"नाई म्हणत."

(मास्तरांनी मला शिकवलेलं पहिलंच वाक्य 'परत जाव!' हे होतं. पण ते हिंदीत होतं, म्हणून मी ते धरलं नाही.)

दसरा उजाडला. माझा कोट चिखलीच्या बँडवाल्याचा होता. लाल, पितळी बटणांचा, पाठीवर ढोलाच्या पट्ट्यानं घासून विरलेला. तो बँडवाला माझ्या निम्मा असावा, कारण गळ्याचं बटण लावल्यावर माझी मान उजवीकडं वळेना, डावीकडंही वळेना. पाहायचं तर समोर! डोक्यावर टोपी, ती डोळ्यांवर येणारी. बकरीच्या केसांची मिशी डिंकानं चिकटवलेली. डिंक वाळला तसा वरचा ओठ नाकाकडं ओढला गेला आणि मास्तर म्हणाले, आता खरे नाकेदार!

दमणीत बसणारी दोन माणसं मास्तरांनी लोणारहून बोलावली होती. खास सोंगाडे. एक शेठ होणार, दुसरा शेठची बायको. ते दुपारच्या बसनं फाट्यावर उतरणार, तिथं बाभळीखाली मास्तरांनी दमणी जुंपून ठेवली होती. मी त्यांना पाह्यलं नव्हतं. तालमीत त्यांची कामं मास्तरच करायचे, बायकोचं सुद्धा.

"खूण लक्षात ठेवा," मास्तर म्हणाले. "पांढरे बैल, लाल पागोटं. दमणी दिसली की तुमचं काम सुरू. आणि एक सांगतो, तो माणूस ओरडेल, चिडेल, पाहुणा आहे म्हणेल, शिव्या देईल. कसलेला नट आहे. तुम्ही सोडायचं नाही! साहेबांना खरं वाटलं पाहिजे."

दुपार कलली तरी दमणीचा पत्ता नव्हता. नदीच्या दोन्ही काठांवर माणूसच माणूस. साहेब खुर्चीत, मास्तर त्यांच्या कानाशी. पालखीला ओवाळायला आलेल्या बायांत आमची मंडळी होती. मी दांड्यापाशी उभा, तोंड मोगलाईकडं. मनात सारखा विचार चालला होता. नाटकाचा नाही, सांजेचा. ह्या ओढलेल्या ओठानं मी व्याह्यांसमोर बसणार कसा?

आणि रस्त्यावर दमणी दिसली. पांढरे बैल. लाल पागोटं.

मनात म्हटलं, आले लोणारवाले.

"गाडी रोको!" मी ओरडलो. "परत जाव!"

टाळ्या! दमणी थांबली. पुढं बसलेला माणूस उंचापुरा, पांढऱ्या भरघोस मिशांचा, स्वतःच दमणी हाकत आलेला. त्यानं माझ्याकडं असं पाह्यलं जसं दारात बैल येऊन उभा राहावा.

"काय हो, रस्ता बंद झाला का?"

"रस्ता बंद! माल क्या है?"

"माल कशाचा? पाव्हणे आहोत आम्ही."

"सब चोर पाव्हणे बनकेच आते!" हे माझ्या पदरचं होतं. लोक खदखदले. मला चेव आला. "किसके पाव्हणे? नाम बोलो!"

इथं त्या माणसानं सांगायला हवं होतं. पण आमच्याकडं रीत आहे की पोरगी पाहायला चाललेला माणूस सोयरीक ठरेपर्यंत रस्त्यात कोणाचं घर सांगत नाही. मोडली तर पोरीला बोल लागतो. भला माणूस! माझ्याच पोरीची अब्रू राखायला माझ्याच समोर तोंड मिटून बसला!

"ते रस्त्यात सांगायचं काम नाही," तो म्हणाला.

"देखो, देखो! पत्ता नाई सांगत!"

"तोंड सांभाळून बोला. मला स्वतःचं नाव सांगायची पाळी ह्या खोऱ्यात कधी आली नाही."

वा! मी मनात म्हणालो, काय नट आहे! ह्याच्या पुढं आपण कमी पडायचं नाही. दंडुका उचलला.

"उतरो नीचे! झडती!"

त्या शब्दासरशी तो ताडकन खाली उतरला. चेहरा लालबुंद.

"झडती? मोगलाईत जन्म गेला माझा! खऱ्या नाक्यावर कोणाच्या बापानं माझी झडती घेतली नाही!"

हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय, असं मला वाटलं. पण कॉलर इतकी घट्ट होती की विचार मानेच्या वर चढतच नव्हता! तेवढ्यात ताशेवाल्यानं ताशा कडाडवला आणि मी ते केलं जे मास्तरांनीही शिकवलं नव्हतं. दंडुक्याच्या टोकानं त्याचं पागोटं उडवलं.

पागोटं धुळीत पडलं. त्यातून एक पुडी निसटली, माझ्या छातीवर आदळली आणि फुटली. कुंकू! शेवंतीला लावायला आणलेलं. लाल कोटावर ते दिसलंही नसतं, पण माझ्या मिशीवर बसलं, हातावर बसलं, रस्त्यावर सांडलं. माणसं टाळ्या पिटत होती. बायांचा घोळका मात्र एकदम गप्प झाला. कुंकू सांडलेलं बाईमाणसाला पाहवत नाही, नाटकातलं असलं तरी.

आणि त्या गप्प घोळक्यातून आवाज आला.

"अवो! अवो, थांबा!"

आता आमच्या मंडळीची अडचण ऐका. माझं नाव गणपत. ते तिनं आयुष्यात घेतलं नाही. गणेशचतुर्थीला सुद्धा ती म्हणायची, "मोदकवाला देव बसला." 'अवो' म्हटल्यावर गावातल्या अर्ध्या नवऱ्यांनी माना वळवल्या. मला वळवता येत नव्हती!

"अवो, शेवंतीचे बाप!"

ताशा! कडाड, कडाड, कडाड!

"बाई, चूप बसा ना," कोणीतरी तिला दटावत होतं. "साहेब पाहून राह्यले."

मी इकडं दमणीच्या पडद्याला हात घातला. पडदा बाजूला केला तर आत एक म्हातारी. डोक्यावर पदर, मांडीवर छत्री, डोळे वटारलेले. हा दुसरा सोंगाडी, शेठची बायको! बाप रे, काय सजला होता! सुरकुत्या सुद्धा काढल्या होत्या! मी हिंदी विसरलो.

"अरे वा बे!" मी ओरडलो. "मिशी कुठं भादरली?"

"मुडद्या!" म्हातारी म्हणाली.

आणि छत्री माझ्या टाळक्यात बसली. टोपी नाकापर्यंत उतरली. दुसरी बसली. जनता बेभान झाली! साहेब खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते. मास्तर त्यांना सांगताना मी स्वतः ऐकलं, "हे मी बसवलेलं नाही, पण उत्तम जमलंय."

टोपी वर केली तर दांड्याखालून वाकून आमची मंडळी येत होती. तिनं माझ्याकडं पाह्यलं नाही. आधी पागोटं उचललं, धूळ झटकली, कपाळाला लावलं. मग माझ्याकडं वळली. फार राग आला की तिच्या तोंडून वऱ्हाडी जायची आणि माहेरची बोली यायची.

"काय करायले तुम्ही हे? कोणाला अडवायले? दौलतराव आहेत ते! शेवंतीचे सासरे!"

मी हसलो. देवाशप्पथ, हसलो. वाटलं, मास्तरांनी हिलाही काम दिलं.

तेवढ्यात तिच्या खांद्यावरून मला लांबचा रस्ता दिसला. फाट्याकडून दोन माणसं, दमणी मागं सोडून, जीव घेऊन पळत येत होती. एकाच्या डोक्याला लाल पागोटं. दुसऱ्यानं नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, काखेत चपला आणि भरदार आवाज.

"ओ मास्तर! सुरू करू नका! बस पंक्चर झाल्ती!"

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. सरकते, पण आपल्याला घेऊन जात नाही. तिथंच उभं ठेवते.

दौलतराव उघड्या डोक्यानं दमणीत चढले. ही दोन्ही हातांवर पागोटं धरून पुढं झाली.

"भाऊ, चूक झाली. मानूस येडा आहे, वाईट नाही. घरी चला. पोरगी वाट पाहायली."

"बाई, तुमच्याशी वैर नाही," ते म्हणाले. "पण जे खऱ्या निजामाला जमलं नाही ते तुमच्या घरानं केलं."

बैल वळले. पागोटं तिच्या हातातच राह्यलं. दमणी दिसेनाशी होईपर्यंत ती दांड्याला धरून उभी होती. त्याच जागी ती आधी एकदा अशीच उभी राह्यली होती. तेव्हा नाकेदार परका होता.

एवढ्यावर सुटलो असतो तर बरं! लोणारवाले म्हणाले, एवढ्या लांबून आलो, काम केल्याशिवाय जात नाही. साहेब म्हणाले, पुन्हा पाहू. म्हणून खऱ्यांची झडती झाल्यावर मी खोट्यांची घेतली. मास्तर बाजूनं कुजबुजले, "गणपतराव, मघासारखा जीव नाही."

"जीव त्या दमणीत बसून गेला, मास्तर."

पालखी आली, दांडा उठला, सगळं गाव सीमा ओलांडून गेलं. जो तो आपट्याचं पान देऊन म्हणे, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. आणि वर पाठीवर थाप, "काय काम केलं बे, गणप्या! अस्सल हरामखोर वाटला!"

घरी शेवंती नटून बसली होती. आईचा चेहरा पाह्यला, माझा रंगलेला चेहरा पाह्यला आणि मामाकडून, म्हणजे माझ्या साळ्याकडून, सगळं काढून घेतलं. मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा, पोरगी पाहून सोयरीक मोडते हे ऐकलं होतं. बाप पाहून मोडलेली माहीच पह्यली."

मामानं पाहुण्यांचे पोहे खायला सुरुवात केली. वाया जातील म्हणे.

ही ओसरीत बसून पागोटं झाडत होती, ओल्या फडक्यानं पुसत होती, हातानं घडी बसवत होती. ओरडली असती तर मी सुखानं जेवलो असतो. दिवा लागल्यावर शेवटी बोलली.

"सकाळी जा. पागोटं घेऊन जा. त्यांचे पाय धरा. सगळ्या गावासमोर धरा."

"अन् त्यांनी नाई म्हटलं तर?"

"तर परत येऊ नका, असं म्हणणार होते. पण वांगे तोडायचे हायेत."

सकाळी उठलो. मिशी निघाली होती, डिंक नव्हता निघाला. पागोटं न्यायचं कसं हा प्रश्न. दुसऱ्याचं पागोटं डोक्यावर घालता येत नाही, काखेत मारता येत नाही. म्हणून पूजेच्या ताटासारखं दोन्ही तळहातांवर धरून निघालो. वाटेत नाकावर माशी बसली तर तिलाही रामराम म्हणायची पाळी! रस्ताभर मी एकच वाक्य घोकत होतो, 'चूक झाली, माफी करा, पोरीला बोल लावू नका.'

दौलतरावांच्या गावात शिरलो आणि जागीच थबकलो. त्यांच्या अंगणात सगळं गाव जमलेलं. ओट्यावर बाया, झाडावर पोरं. मला पाहताच कालवा उठला, "आला! आला! नाकेदार आला!"

म्हटलं, गणपत, आज मार आहे. वांगी तिलाच तोडावी लागतील.

दौलतराव नवं पागोटं घालून बाजेवर बसले होते. ते उठले, तरातरा आले, माझं मनगट धरलं आणि मला सरळ गोठ्यात ओढत नेलं. मी वाकलो.

"चूक झाली, मा—"

"चूप!" त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "माफी हा शब्द बाहेर काढला तर सोयरीक मोडली म्हणून समजा!"

मी पागोट्याकडं पाह्यलं, त्यांच्याकडं पाह्यलं. काही कळेना. ते खालच्या आवाजात बोलायला लागले.

"काल उघड्या डोक्यानं गावात आलो. चावडीवर चारजण बसलेले. म्हणाले, दौलतराव, पागोटं कुठं? काय सांगू? माझी झडती झाली म्हणून सांगू? म्हणून सांगितलं, नाटकात होतो."

"नाटकात?"

"बुलढाण्याच्या साहेबानं मुद्दाम बोलावलं म्हणून सांगितलं. निजामाच्या नाक्याला न घाबरलेला मानूस पाहिजे होता, आख्ख्या खोऱ्यात मी एकटाच निघालो, असं."

"अन् पागोटं उडवलं ते?"

"नाटकात होतं."

"कुंकू?"

"तेही."

"अन् दमणीतल्या आत्याबाईंले मी जे म्हटलं..."

"आक्का, माझी थोरली बहीण, रात्रभर तुमच्या सात पिढ्या काढत होती. मग मी तिला सांगितलं की साहेब उभा राहून टाळ्या वाजवत होता तो तिच्यासाठी. तेव्हापासून ती शांत आहे." त्यांनी बाहेर पाह्यलं, घाम पुसला. तो मानी माणूस माझ्यासारखाच घाबरलेला होता! "आता गाव म्हणतंय, आम्हाला करून दाखवा. नाही केलं तर खोटा पडतो मी. कराल का?"

मी आयुष्यात इतक्या मनापासून कशाला हो म्हणालो नव्हतो. आमच्या लग्नाला सुद्धा नाही.

अंगणात दोन पोरांनी वखराचा दांडा आडवा धरला. दौलतराव बाजेवर बसले, ती दमणी. आत्याबाई मागं चादरीआड बसल्या. मी उभा राह्यलो, ना कोट, ना मिशी, आणि "गाडी रोको" म्हणालो. आवाज असा निघाला की पहिल्या रांगेतल्या बाईनं मला पाणी दिलं.

दौलतराव मात्र पेटले! काल जे सुचलं नव्हतं ते सगळं आज बोलले. निजामाला बोलले, इंग्रजाला बोलले, त्यांच्या नाकेदारांना बोलले. मी पागोट्याला हात घालणार तो त्यांनीच माझं मनगट पकडलं आणि गरजले, "धर पाय!" हे कालच्यात नव्हतं. पण पाय धरायलाच तर मी आलो होतो! मी आडवा झालो आणि दोन्ही हातांनी घट्ट धरले. डोळ्यांत पाणी आलं ते काही नाटकाचं नव्हतं. मग चादरीआडून आत्याबाई निघाल्या. काल त्यांनी रागानं मारलं होतं, आज कौशल्यानं मारलं. एकदा इकडं वळून, एकदा तिकडं वळून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं.

टाळ्यांनी अंगण भरलं. मी अजून जमिनीवरच होतो. गर्दीतला एक म्हातारा काठी टेकत पुढं आला.

"दौलतराव, तुमचं काम एक नंबर. आक्काच्या हाताला तर तोड नाही. पण हा नाकेदार लई पडेल आणलात! जरा बरा मिळाला नाही का कोणी?"

मी खालून दौलतरावांच्या तोंडाकडं पाह्यलं. कालपासून ज्या हो-नाहीसाठी माझा जीव टांगणीला लागला होता ते त्या तोंडात होतं. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठा सुस्कारा टाकला.

"काय करता, बाबा? घरचाच मानूस आहे. सांभाळून घ्यावं लागतं."

अशी माझ्या पोरीची सोयरीक जमली. भरल्या अंगणात, परमुलखात, सगळ्यांच्या मते मी पडेल ठरलो होतो. आणि मी, आजवरच्या कोणत्याही नटानं टाळ्यांना केला नसेल इतका वाकून, चारही बाजूंना नमस्कार केला.